दा नांगमध्ये तीन महिने: ई-व्हिसापासून वीजबिलापर्यंत

मध्य व्हिएतनाममधल्या दा नांग शहरात पहाटे पाचला ‘मी खे’ नावाच्या किनाऱ्यावर गेलात तर तिथे जत्रा भरल्यासारखी गर्दी दिसेल. फुलाफुलांच्या सैल सुती कपड्यांतल्या आज्या गळाभर पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत असतात. वाळूत व्यायाम चाललेला असतो, कुणी नातवंडांना लाटांत डुंबवत असतं. सात वाजले की बघता बघता किनारा रिकामा होतो. इथल्या लोकांना समुद्र हवा असतो, ऊन नको असतं. परदेशी पाहुणे नऊ-दहाला चटया घेऊन येतात तोवर गावाचं पोहून, न्याहारी करून कामाला लागणंही झालेलं असतं.

त्या पाच वाजता पुण्यात साडेतीन वाजलेले असतात. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. लॅपटॉप घेऊन इथे राहायला येणाऱ्या मराठी माणसासाठी या शहराची सगळ्यात मोठी देणगी मला हा दीड तासच वाटते. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीमसाठी तांत्रिक लेखन करते. दा नांगमध्ये दोनदा राहिले, आधी एक महिना आणि नंतर सलग तीन महिने. पहिल्या वेळी मी समुद्र दिसणारी खोली शोधत बसले. दुसऱ्या वेळी आधी दिवस आखला आणि मग त्या दिवसाला सोयीची गल्ली शोधली. दुसऱ्या वेळचं राहणं पहिल्यापेक्षा कितीतरी सुखाचं झालं, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी दिवस आखा

तिकीट काढण्यापूर्वी कागदावर तुमच्या कामाचे तास मांडा. भारतातलं ऑफिस दहाला सुरू होत असेल तर दा नांगमध्ये तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. पाचला उठणाऱ्याला त्याआधी साडेसहा तास मोकळे मिळतात. पोहणं, बाजार, अंघोळ, जेवणाची तयारी आणि वर दोन तास शांतपणे करायचं काम, एवढं सगळं त्यात बसतं. याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. भारतात साडेसहाला सुटणारं ऑफिस इथे रात्री आठला सुटतं आणि सूर्य तर त्याच्या बराच आधी मावळतो. सूर्यास्त बघत काम संपवायची कल्पना असेल तर ती सोडून द्या. तसंही दा नांगचा समुद्र पूर्वेला आहे, पाण्यावर दिसतो तो सूर्योदय. कोकणातल्या माणसाला याची सवय व्हायला दोन-चार दिवस लागतात.

युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांची दुपार दोन-तीनला सुरू होते आणि रात्री दहा-अकरापर्यंत चालते. तेही जमण्यासारखं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळी नऊ म्हणजे इथे रात्रीचे आठ किंवा नऊ. रोज तसं काम असेल तर मी हे शहर सुचवणार नाही. पहाटे पाचला जागं होणाऱ्या गावात पहाटे पाचला झोपायला जाणं शरीराला फार जड जातं. खालच्या रस्त्यावर तेव्हा दुकानांची शटरं उघडायला लागलेली असतात.

महिने निवडताना

आपला पावसाळा इथे लागू होत नाही. मध्य व्हिएतनाममध्ये मोठा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर पडतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे त्यातले सगळ्यात वाईट महिने. वादळं याच काळात येतात, आणि शेजारच्या होई आनच्या जुन्या पेठेत नदीचं पाणी शिरण्याचाही हाच मोसम. दिवाळीच्या सुट्टीला जोडून यायचा बेत अनेकांचा असतो, तो इथे नेमका चुकतो.

माझ्या मते मार्च ते मे हा काळ उत्तम. समुद्र शांत होत जातो आणि उकाडा सोसवतो. जून ते ऑगस्ट पारा 35 अंशांच्या पुढे जातो, व्हिएतनामी कुटुंबं सुट्टीला येतात, हान नदीवर आंतरराष्ट्रीय आतषबाजी महोत्सव भरतो आणि खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष येतं. 2027 मध्ये ते 6 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात खानावळी आणि दुकानं बंद होतात आणि माणसं गावी जातात. सण बघायला जरूर या. नव्याने बस्तान बसवायला मात्र तो आठवडा टाळा.

ई-व्हिसा: सावकाश भरा

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. 15 ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा असतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा 25 डॉलरला आणि अनेकदा ये-जा करण्याचा 50 डॉलरला. मधे थायलंड किंवा कंबोडियाला चक्कर मारायची शक्यता असेल तर दुसरा घ्या.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याचा पत्ता ‘ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन’. शोधयंत्रात वरती दिसणारी कितीतरी पानं खासगी दलालांची असतात. ती दिसायला हुबेहूब सरकारी असतात आणि पैसे दुप्पट-तिप्पट घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे की नाही हे बघूनच पुढे जा.

फॉर्म भरताना चार ठिकाणी चुका होतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते पासपोर्टवर ज्या रकान्यात असेल त्याच रकान्यात टाका. फोटो चष्म्याशिवाय काढा. देशात कुठल्या विमानतळावर उतरणार ते विचारतात, तिथे जिथे इमिग्रेशन होणार तो विमानतळ लिहा. हनोईमार्गे येणार असाल तर हनोईचा, दा नांगचा नाही. चौथी गोष्ट तारखांची. व्हिसावरचे 90 दिवस तुम्ही लिहिलेल्या तारखेपासून मोजले जातात, तुम्ही उतरता त्या दिवसापासून नाही. आठवडाभर उशिरा पोहोचलात तर तो आठवडा गेला.

अर्जावर तीन कामकाजाचे दिवस लागतात असं सरकार सांगतं. मी दोन ते तीन आठवडे हाताशी ठेवते. व्हिसा आल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा नीट तपासा आणि दोन छापील प्रती काढा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्हिएतनाममध्ये डिजिटल नोमॅडसाठी, म्हणजे लॅपटॉपवर काम करत देशोदेशी राहणाऱ्यांसाठी, वेगळा व्हिसा नाही. तुम्ही पर्यटक म्हणून येता. स्थानिक कंपनीत नोकरी करणं, शिकवण्या घेणं, इथल्या लोकांकडून कामाचे पैसे घेणं या व्हिसावर चालत नाही. भारतातल्या पगारावर लॅपटॉप उघडून बसणारे शेकडो लोक इथे दिसतात, पण त्यांच्यासाठी लिहिलेला असा नियम नाही, हे ठाऊक असू द्या. वर्षात 183 दिवस राहिलात तर करासाठी तुम्ही इथले रहिवासी ठरू शकता, म्हणून तीन महिन्यांचा मुक्काम सोयीचा. कंपनीची परवानगीही लेखी घ्या. ऑफिसचा लॅपटॉप परदेशातून लॉगिन झाला की अनेक ठिकाणी खातं आपोआप बंद होतं. आयटी विभागाला देश आणि तारखा आधी कळवा.

पोहोचणं आणि पहिले दोन दिवस

मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. तिथून दा नांगचं देशांतर्गत विमान साधारण सव्वा तासाचं. भारतातून थेट दा नांगची विमानंही अधूनमधून असतात, पण ती मोसमानुसार बदलतात, तेव्हा आधी ती तपासा. मधे विमान बदलायचं असेल तर किमान चार तास ठेवा, कारण इमिग्रेशनची रांग लांब असते.

दा नांगचा विमानतळ शहराच्या पोटातच आहे. मी खे किनाऱ्यापर्यंत गाडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. गाडी मागवायचं ग्रॅब हे अॅप भारतातच उतरवून, कार्ड जोडून ठेवा. हिरव्या-निळ्या रंगाच्या झान एसएम या विजेवरच्या टॅक्सीही चांगल्या.

सिमकार्डसाठी पासपोर्ट लागतो. व्हिएटेल, विनाफोन आणि मोबिफोन या तीन मोठ्या कंपन्या आहेत. विमानतळावर महाग पडतं, म्हणून पहिल्या दोन दिवसांसाठी ई-सिम घेऊन या आणि मग शहरातल्या कंपनीच्या दुकानातून महिन्याचा प्लॅन घ्या. भारतातला नंबर बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार.

इथलं चलन डाँग, आणि त्याचा हिशेब सुरुवातीला गोंधळात टाकतो. सोपी रीत सांगते. शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा. 40,000 डाँगची कॉफी म्हणजे 140 रुपये. प्रत्यक्षात थोडं कमीच पडतं, पण बाजारात उभं राहून करायला हा हिशेब पुरेसा आहे.

नोटांची मात्र काळजी घ्या. 20,000 आणि 5,00,000 अशा दोन्ही नोटा निळ्या आहेत, दोन्ही प्लॅस्टिकच्या आणि दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. पहिल्याच आठवड्यात मी शहाळंवालीला वीस हजारांची म्हणून पाच लाखांची नोट दिली आणि चालू लागले. ती बाई माझ्यामागे रस्ता ओलांडून आली, नोट उन्हात धरून तिच्यावरची शून्यं बोटाने एकेक करून मोजून दाखवली आणि परत माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. तुम्हीही ठेवा.

रोख लागतेच. स्थानिक लोक क्यूआर कोडवर पैसे देतात, पण त्यासाठी इथलं बँक खातं हवं. एटीएममध्ये एका वेळी बहुधा 20 ते 50 लाख डाँगच निघतात आणि दर वेळी शुल्क बसतं, म्हणून मोठी रक्कम एकदम काढा. ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं यंत्राने विचारलं तर नको म्हणा. त्यांचा दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो.

घर: इथे घाई नको

भारतातून महिन्याचं घर पक्कं करू नका. हॉटेलात चार-पाच रात्री काढा आणि गल्ल्या पायी फिरा.

परदेशी लोक सगळ्यात जास्त राहतात ते आन थुआंग भागात. मी खे किनाऱ्याला लागून या गल्ल्या आहेत आणि त्यांना चक्क क्रमांक आहेत: आन थुआंग 1, 2, 3 असे पुढे. कॅफे, धुलाईची दुकानं, जिम, भारतीय जेवण, सगळं पायी चालत. त्याचबरोबर बार आणि रात्रीचा गोंगाटही. उत्तरेला फुओक मी आणि त्यापुढे मान थाय हा कोळ्यांचा भाग. इथे भाडं कमी आणि पहाटे किनाऱ्यावरच मासळी विकली जाते. नदीपलीकडचं हाय चाउ म्हणजे खरं शहर: बाजार, दवाखाने, सरकारी कचेऱ्या. समुद्र तिथून दहा मिनिटांवर. एकट्याने लांब काम करायचं असेल आणि घरी स्वयंपाक करायचा असेल तर मी हाय चाउ किंवा मान थायला पसंती देईन. 1 जुलै 2025 ला दा नांग आणि शेजारचा क्वांग नाम प्रांत एक झाले, जुने जिल्हे गेले आणि होई आनही आता दा नांगमध्येच मोडतं. लोकांच्या तोंडी आणि नकाशांवर जुनीच नावं आहेत. पत्ता जुळला नाही तर घाबरू नका.

घर शोधायचे दोन रस्ते. फेसबुकवर दा नांगच्या भाड्याच्या घरांचे गट आहेत आणि तिथे एजंट दिवसाला पाच घरं दाखवतात. त्यांचं कमिशन घरमालक देतो, तुम्ही द्यायचं नसतं. दुसरा रस्ता म्हणजे ‘चो थुए’ ही पाटी. चो थुए म्हणजे भाड्याने देणे आहे. माझं दुसरं घर असंच पाटीवरून मिळालं.

एका खोलीचा सुटसुटीत स्टुडिओ, स्वयंपाकाच्या ओट्यासह, किनाऱ्यापासून पाच-सात मिनिटांवर, महिन्याला साधारण 80 लाख ते 1 कोटी 20 लाख डाँगला मिळतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण रुपयांत 27 ते 41 हजार. तीन महिन्यांचं बोललात तर भाव खाली येतो. एक महिन्याची अनामत घेतात.

घर बघताना मी पुढच्या गोष्टी पाहते, आणि एकही सोडत नाही. खिडकीतून शेजारी रिकामा प्लॉट दिसतो का? दिसला तर ते घर घेऊ नका. पहिल्या मुक्कामात माझ्या खिडकीबाहेर गवताचा छान मोकळा तुकडा होता, त्याचाच मला मोह पडला. दहाव्या दिवशी सकाळी सातला तिथे पायाचं खोदकाम सुरू झालं. मग महिनाभर प्रत्येक मीटिंगला मी कॅफे शोधत फिरले. त्या भागात मोकळी जमीन म्हणजे उद्याचं बांधकाम, एवढं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घर रात्री आठनंतर पुन्हा एकदा बघा. त्या वेळी इंटरनेटचा वेग तपासा, कारण सगळी इमारत घरी आलेली असते. शेजारच्या अंगणात स्पीकरवर कराओके चालतं का ते ऐका. एसीचा आवाज आणि बाथरूममधल्या पाण्याचा जोरही बघा. पलंगामागच्या भिंतीला हात लावा. ओल असेल तर पावसात कपड्यांना बुरशी येणार. काम करायला खरं टेबल आणि पाठीची खुर्ची आहे का? बहुतेक स्टुडिओत असतो तो गोल कॉफीचा टेबल, आणि त्यावर तीन महिने निघत नाहीत. मागितलं तर मालक बहुधा आणून देतात, पण सही करण्यापूर्वी मागा.

वीज भाड्यात धरलेली नसते. घरमालक युनिटला साधारण 3,500 ते 4,000 डाँग लावतात, म्हणजे बारा ते चौदा रुपये. दिवसभर एसी लावून काम केलंत तर महिन्याला तीन-साडेतीन हजार रुपये सहज होतात. चावी हातात घेताच मीटरचा फोटो काढा आणि तो मालकाला पाठवून ठेवा. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं हे घरमालकाचं काम आहे. ‘नोंद झाली का’ असं पहिल्या दिवशीच विचारा आणि पुरावा मागा. टाळाटाळ करणाऱ्याचं घर सोडून द्या.

नळाचं पाणी पिऊ नका. वीस लिटरचा जार घरपोच येतो. आपली गोल दोन पिनांची प्लग चालते, तीन जाड पिनांची चालत नाही, तेव्हा अॅडॉप्टर सोबत ठेवा.

काम

शहरात फायबर सगळीकडे आहे आणि एरवी वेगाची तक्रार नसते. अडचण येते ती समुद्राखालच्या केबल तुटतात तेव्हा. व्हिएतनामची परदेशाशी होणारी बरीचशी देवाणघेवाण मोजक्या समुद्री केबलांवर चालते आणि त्या अधूनमधून नादुरुस्त होतात. मग स्थानिक वेग उत्तम दिसतो आणि व्हिडिओ कॉल मात्र अडखळतो. अशा वेळी फोनचा डेटा वापरून बघा, कारण वेगळ्या कंपनीची वाहतूक वेगळ्या वाटेने जाते. म्हणून घराचं वायफाय एका कंपनीचं असेल तर सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या. या एका सवयीने माझ्या कित्येक मीटिंग वाचल्या.

कॅफे हे इथलं दुसरं घर. सकाळी साडेसहाला उघडतात, बसल्याबरोबर न मागता बर्फ घातलेला फिका चहा येतो, ‘चा दा’, आणि तो फुकट असतो. दुधाची बर्फाळ कॉफी ‘का फे सुआ दा’ म्हणजे तळाशी आटवलेलं गोड दूध आणि वर कडक काळा अर्क. पहिल्या दिवशी दोन प्यायलात तर रात्री झोप येणार नाही. एका कॉफीवर तीन तास बसलं तरी कुणी उठवत नाही, तरी जेवणाच्या वेळी दुसरं काहीतरी मागवावं, तेवढी रीत आपण पाळावी. ठेंगण्या स्टुलांवर पाठ धरते. गुप्त स्वरूपाचे कॉल असतील तर कोवर्किंगचा महिन्याचा पास घ्या.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांसाठी

शाकाहाऱ्यांचे हाल होतील असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. तसं झालं नाही, पण एक शब्द यावा लागतो: ‘चाय’. आपल्या कानाला तो चहा वाटतो, पण व्हिएतनामीत त्याचा अर्थ शाकाहार. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. ‘कुआन चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळी प्रत्येक भागात आहेत, कारण बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात. त्या दोन दिवशी तिथे बसायला जागा मिळत नाही, लवकर जा. भात, तीन-चार भाज्या, टोफू आणि सूप मिळून 25 ते 40 हजार डाँगला ताट मिळतं. ताटात मटणासारखं दिसलं तर दचकू नका, ते सोयाचं असतं. साध्या खानावळीत मात्र ‘फक्त भाजी’ म्हणून भागत नाही, कारण फिश सॉस म्हणजे ‘नुओक माम’ सगळ्यात घालतात. ‘चाय’ची पाटी असेल तिथेच निर्धास्त राहा.

बाजारात गेलात की कितीतरी ओळखीची मंडळी भेटतात. ‘राउ मुओंग’ म्हणजे आपली नाळीची भाजी. इथे ती लसणीवर परतून रोज खातात. कच्च्या फणसाची शेंगदाणे आणि पुदिन्यासारख्या पाल्यांसह केलेली कोशिंबीर, ‘मीत त्रोन’, दा नांगची खास. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तिने आधी फोडणी कशाची ते विचारलं. फोडणी नसते, वर कुरकुरीत तळलेला कांदा असतो. मागताना ‘चाय’ सांगा, नाहीतर त्यात डुकराची कातडी येते.

मांसमासे खाणाऱ्यांनी ‘मी क्वांग’पासून सुरुवात करावी. हळदीने पिवळ्या झालेल्या रुंद शेवया, तळाशी अगदी थोडा रस्सा, वर कोळंबी, डुकराचं मांस, शेंगदाणे आणि तांदळाचा भाजलेला पापड. हा याच भागाचा पदार्थ आहे. आणि ‘बान सेओ’ बघितलं की कुणालाही घावन आठवेल.

तूर डाळ, गोडा मसाला, पोहे आणा. बाकी सगळं मिळतं. बाजारासाठी पर्यटकांच्या हानपेक्षा कोन बाजार किंवा आन थुआंगजवळचा बाक मी आन बाजार बरा.

बोलताना एक गोष्ट फार उपयोगी पडते. व्हिएतनामीत समोरच्याला नात्यानेच हाक मारतात. थोडा मोठा पुरुष ‘आन’ म्हणजे दादा, बाई ‘ची’ म्हणजे ताई. ‘को’ म्हणजे मुळात आत्या आणि ‘चू’ म्हणजे काका. भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणत वाढलेल्या आपल्याला हे शिकवावंच लागत नाही. मी भाजीवालीला ‘को ओय’ अशी हाक मारायला लागले तेव्हापासून मिरच्या आणि कोथिंबीर पिशवीत आपोआप पडू लागल्या.

स्कूटरबद्दल

इथे माझं मत ठाम आहे: भारतीय परवान्यावर स्कूटर भाड्याने घेऊ नका. आरटीओतून मिळणारा आपला आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारानुसारचा परवाना मानतो. म्हणजे तो कागद हातात असूनही कायद्याने तुम्ही विनापरवाना. दुकानदार पासपोर्टची प्रत घेऊन स्कूटर आनंदाने देईल. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, आणि रुग्णालयाचं बिल तुमचं. 2025 च्या सुरुवातीपासून दंडही भरपूर वाढले आहेत. दारूबाबत तर एक थेंबही चालत नाही.

त्याची गरजही नाही. शहर सपाट आहे, सायकलीने सगळीकडे जाता येतं, आणि ग्रॅबच्या दुचाकीवर मागे बसून नदी ओलांडायला शंभरेक रुपये पुरतात. रस्ता पायी ओलांडताना थबकू नका, पळू नका. एका संथ चालीने सरळ जा, वाहनं तुम्हाला वळसा घालून जातात.

आरोग्य विमा घेऊनच निघा. विनमेक आणि होआन मी ही मोठी खासगी रुग्णालयं शहरात आहेत. डास चावू देऊ नका, डेंग्यू इथेही आहे.

समुद्र

एप्रिल ते ऑगस्ट पाणी पोहण्यासारखं असतं. हिवाळ्यात लाटा मोठ्या असतात आणि ओढ जबर. किनाऱ्यावर जीवरक्षकांचे मनोरे आहेत; लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका. पोहताना जीवरक्षक दिसेल अशाच पट्ट्यात राहा.

मान थायच्या वाळूत बांबूच्या गोल टोपलीहोड्या पालथ्या घातलेल्या दिसतील. त्या ‘थुंग चाय’. बांबूची वीण राळेने आणि गाईच्या शेणाने लिंपून पाणबंद करतात. शेणाने सारवलेलं अंगण बघत वाढलेल्या माणसाला ती होडी जवळून, हात लावून बघावीशी वाटेल. कोळ्यांना आधी विचारा, हसून हो म्हणतात. रात्री ऑफिस सुटल्यावर किनाऱ्यावर आलात तर क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, ती माकुल धरणाऱ्या बोटींची.

सुट्टीचे दिवस

शनिवार-रविवारी रात्री नऊला ड्रॅगन पूल आग आणि पाणी ओकतो. पूल 2013 चा, 666 मीटर लांब. आठला काम संपवून चालत जाता येतं. एकदा बघा, पुरे. सोन त्रा डोंगरावर क्वान आम या बौद्ध करुणादेवीची 67 मीटर उंच पांढरी मूर्ती आहे आणि नशीब असेल तर लाल पायांची डूक माकडं दिसतात. ह्वे या उत्तरेकडच्या शहराला आगगाडीने जा. हाय वान घाटातून डब्याच्या खिडकीखाली समुद्र दिसतो, जाताना उजवीकडची खिडकी पकडा.

पण एकच दिवस हाती असेल तर तो चंपा राज्याला, म्हणजे या भागातल्या चाम लोकांच्या प्राचीन राज्याला द्या. ड्रॅगन पुलाच्या पश्चिम टोकाशी चाम शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथे ‘मी सोन’ या देवळांच्या जुन्या ठिकाणाहून आणलेली उभी गणेशमूर्ती आहे, शिवलिंगं आहेत, नर्तकी आहेत. ते बघून मग ‘मी सोन’ला जा, गाडीने सव्वा-दीड तास. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वर या नावाने शिवाची स्थापना केली. पुढे शतकानुशतकं विटांची देवळं बांधली गेली. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यातली बरीच कोसळली, आणि देवळांशेजारी बॉम्बचे खड्डे आजही आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी इथे बरीच वर्षं डागडुजी केली. 2020 च्या मे महिन्यात ते काम चालू असतानाच वालुकाश्माचं एक अखंड शिवलिंग मातीतून निघालं. सकाळी आठच्या आत पोहोचा. दहाला बस भरून माणसं येतात आणि विटा तापतात.

खर्च, आणि निघताना

माझा महिन्याचा खर्च विमानभाडं सोडून 70 ते 80 हजार रुपयांत बसला. त्यात भाडं 35, खाणंपिणं 20 आणि वीज-पाणी चारेक हजार. उरलेल्यात फोन, ग्रॅब, कॅफे, विमा आणि एक-दोन सहली. रोज भारतीय रेस्टॉरंटात जेवलात तर खाण्याचा आकडा सहज दीडपट होतो.

निघण्याच्या दोन आठवडे आधी मालकाला मेसेज करा. बोलणं मेसेजमध्ये असू द्या, तोंडी नको. व्हिसाची शेवटची तारीख पुन्हा बघा. एक दिवस जास्त राहिलात तरी विमानतळावर दंड आणि उशीर. शेवटच्या सकाळी मीटरचा फोटो काढा, पहिल्या फोटोशेजारी ठेवा, वजाबाकी मालकासमोर करा आणि अनामत डाँगमध्येच रोख घ्या. पाण्याच्या रिकाम्या जारचीही अनामत असते. तो परत करायला विसरू नका, आणि हातात उरलेले डाँग विमानतळावर जाण्यापूर्वी शहरातल्या बँकेत बदलून घ्या.